प्येरोगीचा साचा: वर्षभर वापरल्यानंतर

२३ डिसेंबर २०२४, रात्रीचे साडेदहा. दुसऱ्या दिवशी विगिलिया, म्हणजे पोलंडमधली नाताळची पूर्वसंध्या. खालच्या मजल्यावरच्या आजींनी आम्हाला जेवायला बोलावलं होतं आणि आंबट कोबी व सुक्या मशरूमच्या प्येरोग्या (इथल्या उकडलेल्या करंज्याच म्हणा) मी करून आणतो, असं मी त्यांना कबूल केलं होतं. पन्नास केल्या. उकळत्या पाण्यात त्यातल्या एकोणीस फुटल्या. झाऱ्यानं एकेक रिकामा पापुद्रा बाहेर काढताना मला फार वाईट वाटत होतं. आजींच्या दोन्ही हातांना संधिवात आहे, अंगठ्यात ताकद राहिलेली नाही, कडा चिमटता येत नाहीत. म्हणून तर हे काम मी मागून घेतलं होतं.

जानेवारीत मी साचा आणला. त्यानंतर वर्षभरात एकूण चार साचे हाताखालून गेले आणि हजाराच्या वर प्येरोग्या झाल्या. पोलंडमधल्या या व्रोत्स्वाफ शहरात आता आपली मराठी घरं बरीच आहेत आणि दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी मला विचारतं, "साचा घेऊ का? कुठला घेऊ?" म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतो.

ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मैद्याची पातळ गोल पारी, आत सारण, दुमडून अर्धचंद्र, कड बंद, आणि मग तळायची नाही, मिठाच्या पाण्यात उकडायची. इथे एकीला प्येरुग म्हणतात आणि अनेक झाल्या की प्येरोगी. आमच्या घरात मात्र एक प्येरोगी, दहा प्येरोग्या असंच चालतं. सगळ्यात लाडक्या त्या 'रुस्क्ये': बटाटा, त्वारुग आणि लोण्यात परतलेला कांदा. त्वारुग म्हणजे आपला चक्का आणि पनीर यांच्या मधलं काहीतरी, किंचित आंबट, हातानं भुगा होणारं. रुस्क्ये या नावाचा रशियाशी संबंध नाही. रुश चेर्वोना नावाचा जुना प्रांत, ज्यात ल्वूफ शहर येतं, त्यावरून ते नाव पडलं. ल्वूफ म्हणजे आजच्या युक्रेनमधलं ल्वीव. दुसऱ्या महायुद्धानंतर सीमा सरकल्या आणि तिथली हजारो पोलिश कुटुंबं व्रोत्स्वाफला येऊन राहिली. आमच्या आजी त्यातल्याच. १९४६ साली, पाच वर्षांच्या असताना, आईच्या मांडीवर बसून मालगाडीतून आल्या. येताना आईनं लाकडी स्तोल्नित्सा, म्हणजे पीठ लाटायची मोठी फळी, बरोबर आणली होती. ती अजून त्यांच्या स्वयंपाकघरात आहे, मधोमध खोलगट झालेली.

मी कोल्हापूरचा म्हटल्यावर आजी पहिल्याच भेटीत म्हणाल्या होत्या, "वळिवडे!" १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत जवळपास पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. त्याच जागी पुढे गांधीनगर वसलं. लहानपणी दिवाळीचं कापड घ्यायला आम्ही तिथेच जायचो, पण ही गोष्ट मला इथे येईपर्यंत धड माहीत नव्हती. असो, साच्याकडे वळतो.

आधी त्या एकोणीस का फुटल्या ते सांगायला हवं, कारण साच्यानं काय होतं आणि काय होत नाही हे त्यातूनच कळतं. तीन चुका होत्या. पहिली, पीठ मी पुरीसारखं गार पाण्यात घट्ट मळलं होतं. अशी पारी लाटली की आखडते, दुमडली की परत उघडायला बघते. दुसरी, पोळपाटाला चिकटू नये म्हणून दोन्ही बाजूंना भरपूर पिठी लावली होती. पिठी लागलेल्या दोन कडा एकमेकींना चिकटत नाहीत, कितीही दाबा. तिसरी, कोबीचे लांब धागे कडेत अडकले होते. एक धागा जरी मध्ये आला तरी पाणी तिथूनच आत शिरतं.

साचा यातल्या एकाही चुकीवर उपाय नाही. तो फक्त एक गोष्ट करतो: कड सगळीकडून सारख्या जोरानं दाबतो. पीठ बरोबर असेल तर ही एक गोष्ट फार मोलाची आहे. पीठ चुकलेलं असेल तर साचा घेऊनही फुटतीलच. ऑनलाइन विकणारे याबद्दल अवाक्षर काढत नाहीत, आणि मला वाटतं पाकिटावर ठळक अक्षरांत छापायला हवी ती हीच गोष्ट.

आजींचं पीठ असं: अर्धा किलो मैदा, पाऊण चमचा मीठ, दोन मोठे चमचे तेल किंवा पातळ लोणी, आणि साधारण अडीचशे मिलिलिटर गरम पाणी, बोट जेमतेम सोसेल इतकं. इथे मैद्याच्या पाकिटावर टिप ४५०, टिप ५०० असे आकडे असतात. आकडा जितका मोठा तितका कोंड्याचा अंश जास्त. टिप ५०० घ्यायचा, आणि योगायोग बघा, त्याच्या पाकिटावर बऱ्याचदा 'व्रोत्स्वाफस्का' असंच लिहिलेलं असतं. गरम पाण्यानं मैदा थोडा शिजतो. उकडीच्या मोदकांची उकड डोळ्यांसमोर आणा, त्याच्या निम्म्यावर थांबलेली ही उकड समजा. त्यामुळे पिठाचा ताण कमी होतो, पारी लाटली की लाटलेली राहते आणि कड पाणी न लावता मिटते. मळून झाल्यावर गरम वाटीखाली अर्धा तास झाकून ठेवायचं. कानाच्या पाळीसारखं मऊ लागलं पाहिजे, ही आजींची परीक्षा. स्वतःची पाळी चिमटीत धरून दाखवतात.

आता साचे.

पहिला घेतला तो प्लास्टिकचा, तीन मापांचा संच, चौदा झ्लॉटींना (झ्लॉटी म्हणजे इथलं चलन). हाला तार्गोवामध्ये, म्हणजे १९०८ सालच्या जुन्या मंडईत, भाज्यांच्या गाळ्यांपासून थोडं पुढे एक भांड्यांचा गाळा आहे, तिथून. मोठा साचा जवळजवळ बारा सेंटिमीटरचा, त्यात प्येरोगी तळव्याएवढी होते आणि मधलं सारण गरम होईपर्यंत कडेचं पीठ जास्त शिजतं. लहान साच्यात सारण चिमूटभर मावतं. मधला ठीक. पण तिन्हींत एक दोष सारखा: कडेचा पट्टा एक सेंटिमीटरच्या वर रुंद. दोन मिलिमीटरची पारी दुमडली की कड चार मिलिमीटर जाड, आणि ती एवढी रुंद असली की पोट शिजून मऊ झालं तरी कड चिवट राहते. मुलगी पोट खाऊन कडा ताटात ठेवायची. दुसरी अडचण बिजागरीची. मधल्या साच्याची बिजागरी पाचव्या महिन्यात पांढरी पडली आणि जुलैत तुटली. सवयीची चाचणी म्हणून पहिला साचा हवा असेल तर चौदा झ्लॉटी वाया गेले असं मी म्हणणार नाही, पण त्याच्यावर वर्ष निघत नाही.

दुसरा, आणि ज्याच्यासाठी हे सगळं लिहितोय तो, स्टीलचा. एकच माप, आठ सेंटिमीटर, किंमत एकोणचाळीस झ्लॉटी. याची खुबी पाठीमागे आहे. साचा उघडून पालथा ठेवला की खालची कड धारदार असते, तिनं पारी कापायची. म्हणजे पारी साच्याच्या बरोबर मापाची निघते, ना कमी ना जास्त. वाटीनं किंवा पेल्यानं कापलेली पारी साच्यात बसवताना जी ओढाताण होते ती इथे होत नाही. पट्टाही अरुंद, सात मिलिमीटर.

वापरायची रीत मला हळूहळू सापडली. पिठी साच्याला लावायची, पारीच्या वरच्या बाजूला अजिबात नाही. साच्याला टेकते ती बाजू पिठाळ, सारण ठेवायची बाजू स्वच्छ. पारी बिजागरीला घट्ट टेकवायची नाही, केसभर अलीकडे ठेवायची, नाहीतर दुमडताना तिथेच फाटते. सारण सपाट चमचाभर, साधारण दहा ग्रॅम, आणि मधोमध, गोळी करून. बटाट्याचं सारण आधीच गोळ्या वळून ताटात मांडून ठेवलं तर काम सरसर होतं, पुरणपोळीला पुरणाच्या गोळ्या करून ठेवतो तसं. मिटताना एकदा हलकं दाबायचं, मग घट्ट. पहिल्याच झटक्यात जोर लावला तर सारण कडेकडे पळतं आणि साच्याची आतली धार पीठ कापते. साचा उघडल्यावर प्येरोगी चिकटून बसली तर बोटानं ओढायची नाही, साचा पालथा करून ओट्यावर टिचकी मारायची. दर आठ-दहा झाल्या की दात परत पिठीत बुडवायचे.

वेळ मी मोजला, कारण घरात यावरून चर्चा होती. साठ प्येरोग्यांना लाटणं आणि कापणं पंचवीस मिनिटं, हातानं करा की साच्यानं, तेवढीच. भरणं आणि मिटणं हातानं पन्नास मिनिटं, स्टीलच्या साच्यानं अठ्ठावीस. म्हणजे वाचतात ती वीस-बावीस मिनिटं. ज्याचा हात बसलेला आहे त्याचे तेवढेही वाचणार नाहीत. आजींच्या भाचीनं माझ्यासमोर साच्यापेक्षा भरभर हातानं केल्या आणि कडेला सुंदर फालबान्का घातली. फालबान्का म्हणजे कपड्याची झालर, आणि प्येरोगीच्या कडेची ती वळणं. आपली करंजीची मुरड हुबेहूब. माझी आई तशीच घालते: अंगठ्यानं दाबायचं, दुमडायचं, परत दाबायचं, पेडाच्या वेणीसारखं पुढे जायचं. ती मुरड साच्यात येत नाही. साच्याची कड दातेरी येते, नीटस, पण सगळ्या एकसारख्या. मला ते खटकत नाही. आमच्याकडे दिवाळीला दोनशे करंज्या व्हायच्या आणि पहिल्या पन्नासांनंतर आईही साचा काढायची.

त्यावरून चौथ्या साच्याचं, तिसऱ्याचं मग सांगतो. ऑक्टोबरात दिवाळीला गेलो तेव्हा महाद्वार रोडवरून करंजीचा ॲल्युमिनियमचा साचा आणला, म्हटलं इथेही चालेल. पूर्ण नाही चालला. करंजीची पारी रवा-मैद्याची, घट्ट, तुपाच्या मोहनाची. ती साच्यातून अलगद सुटते. प्येरोगीचं पीठ मऊ आणि ओलसर, त्या साच्याच्या खोल दातांत ते जाऊन बसतं आणि सुटताना कड ओरबाडली जाते. भरपूर पिठी लावून मी पंचवीस केल्या, त्यातल्या पाच टाकाव्या लागल्या. उलट प्रयोग मात्र साधला: स्टीलचा साचा मी बरोबर नेला होता, त्यात आईनं ओल्या नारळाच्या करंज्या केल्या. लहान झाल्या, पण एकही तेलात फुटली नाही. आई म्हणाली, "कड जरा जाड होतीय बघ. पण सारण सांडत नाही." आणि तिनंच पुढचा उपाय सांगितला: कातण फिरव.

कातण! इतकं साधं मला दहा महिन्यांत सुचलं नव्हतं. येताना आईनं पितळी मुठीचं तिचं जुनं कातण दिलं. आता साच्यातून निघालेली प्येरोगी फळीवर ठेवतो आणि कडेचा निम्मा पट्टा कातणानं काढून टाकतो. दातांच्या खुणा थोड्या राहतात, त्यावर कातणाची नागमोडी येते, आणि कड जेमतेम चार मिलिमीटरची उरते. दाबलेला भाग मधूनच कापल्यामुळे सुटत नाही. कापलेल्या पट्ट्या गोळा करून ओल्या फडक्याखाली ठेवतो, शेवटी परत लाटतो. मुलगी आता कडा ठेवत नाही. हा एक उपाय प्लास्टिकच्या साच्यालाही लागू आहे, त्याला तर जास्तच.

तिसरा साचा मधमाशीच्या पोळ्यासारखी ॲल्युमिनियमची थाळी, सदतीस भोकांची. युक्रेनहून आलेल्या एका सहकाऱ्यानं महिनाभर वापरायला दिली. वर एक पोळी अंथरायची, प्रत्येक भोकात चिमूटभर सारण, वर दुसरी पोळी, आणि लाटणं फिरवलं की सगळ्या एकदम कापून खाली पडतात. वेग विलक्षण. पण ती खरी पेल्मेनीसाठी, म्हणजे कच्चा खिमा भरलेल्या छोट्या गोल प्येरोग्यांसाठी. बटाटा-त्वारुग त्यात दबून बाहेर येतो आणि अर्धचंद्र तर मिळतच नाही. खिमा करणाऱ्या मोठ्या घरांनी जरूर घ्यावी.

सारणांचंही सांगतो, कारण साचा प्रत्येकाशी सारखा वागत नाही. रुस्क्ये सगळ्यात सोपं: बटाटा गरम असतानाच दाबून कुस्करायचा, पूर्ण गार करायचा, मग त्वारुग आणि कांदा, काळी मिरी सढळ हातानं. अर्धा किलो बटाट्याला पाव किलो त्वारुग, दोन मोठे कांदे, एवढं साठांना पुरतं. कोबी-मशरूमला कोबी पिळून कोरडा करायचा आणि सुरीनं बारीक, अगदी बारीक चिरायचा, धागा राहता कामा नये. सगळ्यात अवघड जुलैतल्या जागोदी, रानातली बारीक जांभळी फळं. साचा दाबला की फळ फुटतं, रस कडेला येतो आणि ओली कड साच्यात मिटत नाही, घसरते. फळं गोठवून घ्यायची, चमचाभर बटाट्याच्या पिठीत घोळवायची, आणि एकावेळी सहा-सातच बाहेर काढायची. तरी मी म्हणेन, जागोदीच्या प्येरोग्या हातानंच कराव्यात. हाताला ओलं कुठे झालंय ते कळतं.

धुण्याबद्दल एक नक्की लक्षात ठेवा: आधी गार पाणी. गरम पाणी ओतलं की दातांतल्या पिठाची खळ होते आणि मग तासभर घासत बसावं लागतं. गार पाण्यात दहा मिनिटं बुडवून जुन्या दात घासायच्या ब्रशनं घासला की लगेच निघतं. बिजागरीपाशी पाणी राहू देऊ नका.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी आजी वर आल्या होत्या. मी साचा दाखवायला थोडा बिचकत होतो, कारण त्यांच्या आईच्या फळीसमोर हे यंत्र ठेवणं मला बरं वाटेना. त्यांनी तो हातात घेतला, दोनदा उघडला-मिटला, आणि पारी ठेवायला सांगितली. त्यांची बोटं पेरांशी वाकडी झाली आहेत, चमचा धरायलाही दोन हात लागतात. सारण मी ठेवलं. त्यांनी दोन्ही तळहात साच्याच्या मुठींवर ठेवले आणि नमस्काराला जोडतात तसे एकमेकांकडे दाबले. अंगठा लागलाच नाही. उघडून प्येरोगी बाहेर काढली, उजेडाकडे धरून कड गोल फिरवून पाहिली. "जाड आहे," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "दुसरी ठेव, बाळा."

२०२५पासून विगिलियाला देशभर सुट्टी मिळते, त्यामुळे त्या वर्षी रात्री जागावं लागलं नाही. २४ तारखेला सकाळी नऊ वाजता आम्ही त्यांच्याच स्वयंपाकघरात बसलो, त्या खोलगट फळीपाशी. लाटणं माझं, कापणं मुलीचं, सारणाच्या गोळ्या माझ्या बायकोच्या, दाबणं आजींचं आणि माझं, आळीपाळीनं, आणि कातण परत मुलीकडे. टेबलावर रीतीप्रमाणे एक ताट जास्तीचं मांडलेलं होतं, अचानक कुणी आलं तर त्याच्यासाठी. पाण्याला नुसती हलकी उकळी, एका वेळी बारा-पंधरा, वर आल्या की अजून तीन मिनिटं. ऐंशी केल्या, दोन फुटल्या. त्या दोन्ही माझ्या होत्या, गप्पांच्या नादात कोबी कडेवर सांडला होता. आजींनी एकतीस दाबल्या. मोजत त्याच होत्या.

स्टीलचा साचा आता त्यांच्याच खणात असतो. मी दुसरा आणला, तोही आठ सेंटिमीटरचाच.